समच्छेदाचे मर्म

अर्धा लिटर दुधात आणखी पाव लिटर दूध ओतले, तर एकंदर दूध किती झाले, असे घरातील लहान मुलास विचारावे; ते तत्काळ 'पाऊण लिटर' असे सांगेल. परंतु तेच मूल वर्गात १/२ + १/४ हे उदाहरण सोडवू लागले, म्हणजे पुष्कळदा अंशांत अंश व छेदांत छेद मिळवून २/६ असे उत्तर लिहून मोकळे होते. २/६ म्हणजे एक तृतीयांश. अर्ध्यात भर घातली आणि बेरीज मूळच्या अर्ध्याहूनही कमी भरली! जे घरी कळत होते ते वर्गात का कळेनासे व्हावे, याचा थोडा विचार आम्ही येथे करणार आहोत.

अपूर्णांकातील दोन अंकांची कामे निरनिराळी असतात. छेद हा भागाचे नाव सांगतो आणि अंश हा त्या भागांची संख्या सांगतो. ३/४ म्हणजे 'चतुर्थांश' या नावाचे तीन भाग. त्यांत आणखी दोन चतुर्थांश मिळवले, की पाच चतुर्थांश, म्हणजेच सव्वा होतो. येथे केवळ संख्यांची बेरीज झाली. नाव होते तेच राहिले. छेदांची बेरीज करावयाची नसते, ती यामुळेच. नावांची बेरीज कोण करील?

आता १/२ + १/३ हे उदाहरण घेऊ. येथे नावेच भिन्न आहेत. एक अर्धा आणि एक तृतीयांश मिळून 'दोन' झाले खरे, पण दोन काय? या प्रश्नाचे उत्तर नाण्यांच्या व्यवहारात सापडते. १ एप्रिल १९५७ रोजी आपल्या देशात दशमान नाणी सुरू झाली. त्यापूर्वी रुपयाचे सोळा आणे व आण्याच्या बारा पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै असा हिशेब असे. 'सोळा आणे खरे' हा वाक्प्रचार त्याच काळाची आठवण आहे. त्या हिशेबाने अर्धा रुपया म्हणजे ९६ पै आणि रुपयाचा तृतीयांश म्हणजे ६४ पै. दोन्हींची मोड एकाच नाण्यात झाली, आता बेरीज सोपी आहे : १६० पै. १६०/१९२ या अपूर्णांकास ३२ने संक्षेप दिला, की ५/६ हे उत्तर मिळते.

समच्छेद करणे म्हणजे अशी मोड करणे. रुपयाची मोड घेतल्याने रुपयाची किंमत बदलत नाही. त्याचप्रमाणे अंश व छेद यांना एकाच संख्येने गुणल्याने अपूर्णांकाची किंमत बदलत नाही. मात्र मोड दोन्ही भागांना पुरी पडणारी हवी. शंभर पैशांत तृतीयांश नेमका बसत नाही, म्हणून येथे १०० हा छेद उपयोगी नाही. उलट, १९२ इतके बारीक तुकडेही नकोत. २ व ३ या दोहोंनी भाग जाणारी सर्वांत लहान संख्या ६ होय. अर्धा म्हणजे तीन षष्ठांश, तृतीयांश म्हणजे दोन षष्ठांश. मिळून पाच षष्ठांश. अशा संख्येसच आपण लघुतम साधारण विभाज्य म्हणतो.

ही रीत आपल्याकडे फार प्राचीन आहे. इ. स. ८५०च्या सुमारास महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' या ग्रंथात लघुतम साधारण विभाज्यास 'निरुद्ध' असे नाव देऊन त्याचा उपयोग दाखविला. भास्कराचार्यांनी इ. स. ११५०मधील 'लीलावती'त दोन मार्ग सांगितले आहेत. पहिला, प्रत्येक अपूर्णांकाचे अंश व छेद दुसऱ्याच्या छेदाने गुणावे. दुसरा, छेदांना सामान्य अवयवाने भागून जे उरेल त्याने गुणावे. ३/४ + १/६ हे उदाहरण पहिल्या मार्गाने १८/२४ + ४/२४ = २२/२४ असे होते. दुसऱ्या मार्गात ४ व ६ यांना २ने भागून २ व ३ मिळतात; म्हणून ९/१२ + २/१२ = ११/१२. उत्तर एकच, श्रम मात्र कमी.

कोणी म्हणेल, एवढ्याशा चुकीचे इतके काय? समजा, एका कुटुंबाच्या घरी ६० पायल्या धान्य आले. अर्धे वर्षाच्या खाण्यासाठी ठेवले आणि तिसरा हिस्सा विकावयास काढला. उरेल ते बियाण्यासाठी. चुकीच्या रीतीने १/२ + १/३ = २/५, म्हणजे २४ पायल्या गेल्या व ३६ उरल्या, असा हिशेब होईल. वास्तविक ३० व २० मिळून ५० पायल्या गेल्या. उरल्या केवळ १०! वहीवरील चुकीस गुरुजी तांबडी रेघ मारतात. पेरणीच्या दिवशी उघडकीस आलेली चूक मात्र खोडता येत नाही.

म्हणून विद्यार्थिमित्रांनो, उत्तर लिहिल्यावर एक क्षण थांबावे. बेरीज ही मिळविलेल्या कोणत्याही अपूर्णांकाहून मोठीच असली पाहिजे; तशी नसेल, तर कोठे तरी नावांचीच बेरीज झाली, असे समजावे. नियम पाठ असणे चांगले; पण त्याचे मर्म कळले, म्हणजे नियम विसरला तरी तो आपला आपल्यास पुन्हा शोधून काढता येतो.