स्मृतिभ्रंश : खर्च दवाखान्यात, बचत घरात



ऊस नोंदीसाठी वाड्या-वस्त्या फिरताना "आबांना म्हातारचळ लागलाय" असं बऱ्याच घरांत ऐकू येतं. पुष्कळदा तो म्हातारचळ नसून स्मृतिभ्रंश, म्हणजे मेंदूचा आजार असतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार साठीपुढच्या शंभरांत सुमारे सात जणांना, म्हणजे देशात ८८ लाख लोकांना तो आहे.

असा माणूस दवाखान्यात दाखल होतो तो बहुधा विसरण्यामुळे नव्हे. मोरीत घसरून खुब्याचं हाड मोडतं, लघवीला जंतुसंसर्ग होतो, घास श्वासनळीत जाऊन न्यूमोनिया होतो. त्यात वॉर्ड अनोळखी. माणूस अधिकच बावचळतो, सलाईन उपसतो, मुक्काम लांबतो. बिल वाढतं, शिवाय चाकण-भोसरीला कामाला असलेल्या मुलाचे खाडे पडतात ते वेगळेच.

म्हणून पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१) विसर वाढला की लवकर तपासणी करावी. थायरॉईड किंवा बी-१२ च्या कमतरतेनेही विसर पडतो व तो उपचाराने सुधारू शकतो. पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आणि औंधचे जिल्हा रुग्णालय ही सरकारी ठिकाणं जवळ आहेत.

२) तहान लागलेली त्यांना सांगता येत नाही; पाणी आठवणीने पाजावं. घास बसवूनच भरवावा. मोरी कोरडी आणि रात्री दिवा चालू ठेवावा.

३) एक-दोन दिवसांत अचानक बडबड किंवा गुंगी वाढली, तर "आजारच तसा" म्हणून सोडू नये. आत संसर्ग असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

४) ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी पार केलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्ड मिळतं. योजनेतल्या रुग्णालयात दाखल झाल्यास वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत उपचार होतात. आधार कार्ड नेऊन ते आधीच काढावं. मात्र रोजची औषधं व घरची आया त्यात बसत नाही. मुलगा कामगार विमा योजनेत असेल, तर त्याच्यावर अवलंबून असलेल्या आई-वडिलांना मोहननगर, चिंचवडच्या विमा रुग्णालयात बाह्यरुग्ण उपचारही मिळू शकतात.

सर्वांत मोठा खर्च मात्र कुठल्याच पावतीवर येत नाही. तो घरातल्या सुनेच्या, लेकीच्या जागरणाचा. उसाची मोळी डोक्यावर घ्यायलाही दुसऱ्याचा हात लागतो. वर्षानुवर्षांचं हे ओझं एकटीवर का टाकायचं? आठवड्यातल्या पाळ्या घरातल्या पुरुषांनीही वाटून घ्याव्यात, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी