अधूनमधून बंद पडणारा सर्व्हर आणि कार्यकारणभाव

'सर्व्हर डाऊन आहे' हे शब्द आपल्या पालकांना आता पाठ झाले आहेत. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्याच शिष्यवृत्तीचा अर्ज आज महाडीबीटी संकेतस्थळावर भरावा लागतो. २०१७ मध्ये ते सुरू झाले आणि पहिल्याच वर्षी तांत्रिक अडचणींमुळे शासनाला ऑफलाइन अर्ज स्वीकारावे लागले. म्हणून सर्व्हर का पडतो, हा केवळ अभियंत्यांचा प्रश्न उरलेला नाही.

कायमचा बंद पडलेला प्रोग्राम दुरुस्त करणे तुलनेने सोपे असते. कठीण असतो तो अधूनमधून कोसळणारा. पुन्हा सुरू केला की तो चालू लागतो आणि दोष दडून बसतो. त्याची नेहमीची कारणे तीन. प्रोग्राम घेतलेली मेमरी परत करीत नाही. ती हळूहळू संपते आणि अखेरीस लिनक्ससारखी प्रणाली स्वतःला सावरण्यासाठी एखादा प्रोग्राम बंद करते. दुसरे, दोन कामे एकाच क्षणी एकाच माहितीला हात घालतात. तिसरे, सदोष मेमरी, अस्थिर वीजपुरवठा किंवा अतिउष्णता. नागपूरच्या मे महिन्यात हे वेगळे सांगायला नको.

शोधाची रीत इतिहाससंशोधनासारखीच आहे. आठवणीपेक्षा समकालीन नोंद अधिक विश्वसनीय. म्हणून प्रोग्राम पुन्हा सुरू करण्यापूर्वी लॉग, म्हणजे यंत्राने स्वतः लिहिलेली रोजनिशी, जपून ठेवावी. प्रत्येक बिघाडाची वेळ, तेव्हाची गर्दी आणि उरलेली मेमरी ताडून पाहावी. एका वेळी एकच बदल करावा. अन्यथा गुण कशाने आला ते कळत नाही.

पाथफाइंडर यान ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरले. काही दिवसांतच त्याचा संगणक मधूनमधून आपोआप पुन्हा सुरू होऊ लागला. अभियंत्यांनी पृथ्वीवरील तशाच संगणकावर तो दोष घडवून आणला. हवामान नोंदवणारे कमी महत्त्वाचे काम एक सामायिक साधन अडवून बसे, मध्यम महत्त्वाची कामे त्याला पुढे सरकू देत नसत आणि अधिक महत्त्वाचे काम ताटकळत राही. कारण कळताच पृथ्वीवरूनच दुरुस्ती पाठवली गेली. हा दोष उड्डाणापूर्वीच्या चाचण्यांतही क्वचित दिसला होता. क्वचित म्हणूनच तो दुर्लक्षिला गेला.

तथागतांचा प्रतीत्यसमुत्पाद सांगतो, की कारणावाचून काहीही उद्भवत नाही. सर्व्हरही नशिबाने पडत नाही. तेव्हा पालकांनो, अर्ज अडला तर तारीख, वेळ आणि पडद्यावरील संदेशाचे छायाचित्र जपून ठेवा. तो तक्रारीचा पुरावा आहे. आणि संगणक क्षेत्रातील आपल्या माजी विद्यार्थ्यांनो, 'पुन्हा सुरू केले, चालले' एवढ्यावर थांबू नका. अर्जाच्या शेवटच्या दिवशी पलीकडे आपलाच एखादा धाकटा भाऊ किंवा बहीण वाट पाहत असते.