दमा आणि मूलपेशींचे एक्सोसोम: गैरसमज व वस्तुस्थिती

एक्सोसोम म्हणजे मूलपेशीच, हा पहिला घोटाळा. एक्सोसोम ही पेशीने बाहेर सोडलेली, ३० ते १५० नॅनोमीटर व्यासाची, मेदाच्या पापुद्र्यात बंद असलेली पिशवी आहे. तिला केंद्रक नसते, तिचे विभाजन होत नाही आणि ती फुफ्फुसात रुजून नवी श्वासनलिकाही घडवत नाही. १९८३ मध्ये मेंढीच्या अपक्व तांबड्या पेशींत अशा पिशव्या दिसल्या, तेव्हा पेशी आपला कचरा बाहेर टाकते आहे, असेच वाटले होते. त्यांतला आरएनए दुसऱ्या पेशीत जाऊन तिथे काम करतो, हे २००७ मध्ये कळले, आणि तेही मास्ट पेशींच्या, म्हणजे ॲलर्जीतल्या एका मुख्य पेशीच्या एक्सोसोमवरून.

एक्सोसोम दम्यात ‘प्रतिकारशक्ती वाढवतात’, हा समज तर पुरता उलटा आहे. ॲलर्जीच्या दम्यात ही शक्ती कमी पडलेली नसते. ती धुळीतल्या किड्यांवर, परागकणांवर उगाच तुटून पडलेली असते. टीएच-२ या प्रतिकारशक्तीच्या पेशी इंटरल्यूकिन-४, ५ आणि १३ ही संदेशवाहक प्रथिने सोडतात. चारमुळे आयजीई प्रतिपिंडे तयार होतात, पाचमुळे इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी वाढतात, तेरामुळे चिकट कफ साचतो आणि श्वासनलिका जराशा निमित्ताने आवळते. इथे हवा असतो तो लगाम. अंड्यातले ओव्हाल्ब्युमिन देऊन दमा निर्माण केलेल्या उंदरांत मूलपेशींच्या एक्सोसोमनी तो काही अंशी लावला: इओसिनोफिल घटले, दाह शमवणारे इंटरल्यूकिन-१० वाढले. मात्र उंदराचा हा दमा काही आठवड्यांत घडवलेला असतो. माणसाचा वर्षानुवर्षे मुरलेला, आणि प्रत्येकाचा इओसिनोफिलमुळेच झालेला असतो असेही नाही.

एक्सोसोम गुणकारीच असतात, असेही नाही. दमेकऱ्यांच्या इओसिनोफिलमधून निघणारे एक्सोसोम दाहाला हातभार लावतात. गुण पिशवीचा नसतो, ती सोडणाऱ्या पेशीचा असतो.

पेशी नाही म्हणून धोका नाही, हेही खरे नव्हे. गाठ होण्याची भीती कमी; जंतुसंसर्गाची मात्र कायम. एक्सोसोमची उत्पादने घेतलेल्या नेब्रास्कातील काही रुग्णांना गंभीर त्रास झाल्यावर अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने डिसेंबर २०१९ मध्ये अशा उत्पादनांविरुद्ध जाहीर इशारा दिला. भारतात आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्तविकारांसाठीचे प्रत्यारोपण सोडले, तर मूलपेशींचा वापर केवळ मान्यताप्राप्त चाचण्यांपुरताच आहे.

लगामाची औषधे आजही आहेतच. स्टिरॉइडचा पंप इओसिनोफिलमुळे होणारा हाच दाह कमी करतो, आणि इंटरल्यूकिन-५ ला थेट अडवणाऱ्या मेपोलिझुमॅबला तीव्र दम्यासाठी २०१५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.