लाईट जाते तेव्हा नाही, येते तेव्हा!

उद्या सकाळी प्रोजेक्टचं सबमिशन आहे. रात्रीचे साडेनऊ. लाईट गेली होती, आली, लॅबमधल्या सर्व्हरचे पंखे दोन सेकंद फिरले आणि सगळं ढिम्म. ग्रुपवर मेसेज पडतो, 'मदरबोर्ड उडाला रे!' बारामती-इंदापूरकडे शिकत असाल तर हा सीन तुम्हाला नवा नाही. पण लगेच बोर्डाला श्रद्धांजली वाहू नका.

आधी आपल्याकडची लाईट समजून घ्या. उसाच्या पट्ट्यात सप्लाय परत आला की 'ऑटो'वर टाकलेल्या विहिरीवरच्या मोटारी एकदम उठतात. चालू होताना मोटार नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, त्यामुळे व्होल्टेज बसतं. सर्व्हरचा पॉवर सप्लाय खंड पडल्यावर जेमतेम १० ते २० मिलिसेकंद दम धरतो. म्हणून लाईट येण्याची वेळच जास्त वाईट. बायोसमध्ये 'लाईट येताच आपोआप सुरू हो' हे सेटिंग असतं, ते बंद ठेवा आणि पाच मिनिटं थांबून हाताने चालू करा.

आता तपासणी. लॅब असिस्टंट काकांना सोबत घ्या आणि मल्टिमीटरने सॉकेट मोजा. फेज-न्यूट्रल २३०च्या आसपास, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. इंदापूरच्या एप्रिलमध्ये अर्थिंगचा खड्डा ठणठणीत कोरडा पडतो. त्यात बादलीभर पाणी ओतणं हा गावठी नाही, शास्त्रशुद्ध उपाय आहे. मग दोन्ही पॉवर केबल काढा, पॉवर बटण वीसेक सेकंद दाबून धरा, एकच पॉवर सप्लाय आणि एकच रॅम ठेवून सुरू करा. बऱ्याचदा गोष्ट इथेच मिटते. पॉवर सप्लाय मात्र उघडू नका, बंद असला तरी आतले कपॅसिटर चावतात.

दिवे लागतात, पंखे फिरतात, पण स्क्रीन कोरी? मग संशय फर्मवेअरवर. नुसती लाईट गेल्याने ते सहसा बिघडत नाही. अपडेट लिहिलं जात असताना गेली, तर बिघडतं. (२६ एप्रिल १९९९ला सीआयएच व्हायरसने जगभर कित्येक पीसींचे बायोस खराब केले होते. तेव्हाचे कारागीर तसाच दुसरा पीसी चालू करून, चालू मशीनमधूनच चिप बदलून नवी लिहायचे. धाडसच म्हणायचं!)

आता अनेक बोर्डांवर पेनड्राइव्हवरून बायोस परत चढवायची सोय असते, काहींवर दुसरी राखीव चिपही. काहीच नसेल तर पुण्याच्या तपकीर गल्लीसारख्या ठिकाणी काहीशे रुपयांत सीएच३४१ए प्रोग्रामर मिळतो. क्लिप लावण्याआधी चिपचा नंबर वाचा. ती ३.३ व्होल्टची की १.८ची, हे न बघता लावली तर बिघडलेली चिप मेलेली होईल.

आणि लिहिण्याआधी वाचा! चिपमधला बिघडलेला डेटा दोनदा वाचून दोन्ही फाइली जुळतात का बघा आणि जपून ठेवा. त्यातच बोर्डाचा सिरियल नंबर आणि बऱ्याच बोर्डांवर नेटवर्कचा मॅक ॲड्रेस असतो. नवी फाइल थेट चढवली तर सर्व्हर उठेल, पण स्वतःची ओळख विसरून.

लिहिताना लॅपटॉपची बॅटरी फुल ठेवा आणि सर्व्हरची केबल काढलेली. बाहेर कुणाची तरी मोटार ऑटोवर असणारच.