सार्वकालिक जीवनाची तयारी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

ख्रिस्ती धर्मातील सार्वकालिक जीवनाच्या कल्पनेविषयी आपल्याकडील सुशिक्षित वाचकाची समजूत बहुधा दोन दिशांनी आलेली असते : एकीकडून स्वर्गनरकाची ठळक चित्रे आणि दुसरीकडून आपल्या परंपरेतील मोक्षविचाराची परिभाषा. या दोहोंच्या मिश्रणातून जे मत बनते, ते ख्रिस्ती सिद्धान्ताशी क्वचितच जुळते. आणि खुद्द ख्रिस्ती कुटुंबांतही हा घोटाळा अपरिचित नाही. त्याच्या मुळाशी एकच गृहीत आहे, ते असे की हे जीवन मरणानंतर सुरू होते, सबब त्याची तयारी ही मरणाच्या सुमारास करावयाची बाब होय. ते गृहीत तपासून पाहिले म्हणजे बाकीच्या गैरसमजांचा उलगडा फारसा कठीण राहत नाही.

गैरसमज : सार्वकालिक जीवन म्हणजे मरणोत्तर लाभणारे, कधीही न संपणारे आयुष्य.

वस्तुस्थिती : अनंतत्व हा त्या जीवनाचा एक गुण खरा, परंतु तो त्याचा गाभा नव्हे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात, अटकेपूर्वीच्या प्रार्थनेत येशूने या जीवनाचे जे स्वरूप सांगितले आहे, त्यात कालमानाचा उल्लेखच नाही. एकमेव सत्य देवाला आणि त्याने पाठविलेल्या ख्रिस्ताला ओळखणे, हेच ते जीवन. त्याच ग्रंथाच्या पाचव्या अध्यायाप्रमाणे, विश्वास ठेवणारा मरणातून निघून जीवनात येऊन पोहोचलेलाच असतो. म्हणजे येथे तयारी ही प्रवासापूर्वीची बांधाबांध नसून, आजच आरंभ झालेल्या संबंधाची जोपासना ठरते.

गैरसमज : देहाचे बंधन तुटून आत्मा मुक्त होणे, हेच ख्रिस्ती तारण.

वस्तुस्थिती : प्रेषितांच्या नावाने ओळखला जाणारा प्राचीन मतांगीकार देहाचे पुनरुत्थान आणि सार्वकालिक जीवन यांच्या उच्चाराने संपतो, ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेशी निगडित असलेला निकीय मतांगीकारही मृतांच्या पुनरुत्थानाचीच वाट पाहतो. बासेलचे विद्वान ऑस्कर कुलमन यांनी १९५५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानात सॉक्रेटिसाचे शांत मरण आणि गेथशेमाने बागेतील येशूची व्याकुळता ही शेजारी शेजारी ठेवून असे प्रतिपादिले की, आत्म्याचे स्वाभाविक अमरत्व हा ग्रीक विचार होय, तर नव्या कराराची आशा पुनरुत्थानावर उभी आहे. त्यावर वादंग माजले, कारण बहुतेक ख्रिस्ती पंथ मरणोत्तर आत्म्याचे अस्तित्वही मानतात. तथापि देहाचा तिरस्कार हा तयारीचा मार्ग नव्हे, यावर त्या पंथांचे मतैक्य आहे. उपवास आणि संयम यांचा हेतू देहाला वळण लावणे हा असतो, त्याला त्याज्य ठरविणे हा नव्हे.

गैरसमज : प्रॉटेस्टंटांच्या मते केवळ विश्वास पुरतो, तर कॅथलिकांच्या मते पुण्यकर्मांच्या जमाखर्चावर स्वर्ग मिळतो.

वस्तुस्थिती : हा भेद लोकप्रिय आहे, पण दप्तरातील कागद त्याला पुष्टी देत नाहीत. ज्या ट्रेंटच्या परिषदेने लूथरच्या मतांचा प्रतिवाद केला, तिच्या जानेवारी १५४७ च्या निर्णयातील पहिलेच कलम असे की, ख्रिस्ताद्वारे मिळणाऱ्या कृपेवाचून मनुष्य स्वतःच्या कर्मांनी देवापुढे नीतिमान ठरू शकतो असे म्हणणारा बहिष्कृत होय. उलटपक्षी लूथरनेही सत्कर्मे निरुपयोगी मानली नाहीत. खऱ्या विश्वासातून ती निपजल्यावाचून राहत नाहीत, अशी त्याची शिकवण होती. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील ऑग्सबुर्ग येथे लूथरन जागतिक संघ आणि कॅथलिक धर्मसभा यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या करून, तारण कृपेनेच मिळते हे मूलतत्त्व उभयमान्य असल्याचे जाहीर केले. २००६ मध्ये मेथॉडिस्टांनीही त्यास संमती दिली. मतभेद सर्वस्वी मिटले असे नव्हे. परंतु सार्वकालिक जीवन हे चाकरीचा पगार नसून सरकारने आपखुशीने दिलेल्या इनामासारखे आहे, आणि इनामदाराने जमीन पडीक टाकू नये, इतके तरी दोन्ही पक्षांस कबूल आहे.

गैरसमज : अखेरच्या घटकेस पश्चात्ताप केला किंवा धर्मगुरूस बोलावले म्हणजे तयारी झाली.

वस्तुस्थिती : क्रुसावरील चोराला शेवटच्या क्षणी क्षमा मिळाली, याचा दाखला नेहमी दिला जातो, पण त्या कथेतून निराशेला उत्तर मिळते, दिरंगाईला सनद मिळत नाही. चौथ्या शतकात बाप्तिस्मा मरणापर्यंत लांबविण्याची चाल पुष्कळ होती, आणि सम्राट कॉन्स्टंटाइननेही तो ३३७ मध्ये मरणासन्न स्थितीत घेतला. परंतु बेसिल आणि नाझियांझसचा ग्रेगरी या धर्माचार्यांनी अशा चालढकलीचा कठोर निषेध केलेला आहे. आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा संस्कार केवळ मरणाच्या दारातील माणसासाठी नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये स्पष्ट केले. ते ठाऊक नसल्यामुळे पाद्री घरी आले की आशा सुटली, अशी धास्ती कित्येक कुटुंबे विनाकारण बाळगतात. इंग्रज धर्मपंडित जेरेमी टेलर याने १६५० मध्ये पवित्र जगण्यावर आणि १६५१ मध्ये पवित्र मरणावर ग्रंथ लिहिला, हा क्रमच पुरेसा बोलका आहे. दुसऱ्या ग्रंथातही मृत्युशय्येवरील घाईच्या पश्चात्तापावर विसंबू नये, असाच त्याचा इशारा आहे.

गैरसमज : परलोकाकडे डोळे लागलेला मनुष्य इहलोकाविषयी उदासीन होतो.

वस्तुस्थिती : असे कधीच घडले नाही असे म्हणता येत नाही. प्रभूचा दिवस येऊन ठेपला या समजुतीने थेस्सलनीकाच्या मंडळीत खळबळ उडाली होती आणि तिच्यातील काही लोक कामधंदा सोडून बसले होते. अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही ख्रिस्ताच्या पुनरागमनाची तारीख मुक्रर केली आणि त्यांच्या पदरी घोर निराशा आली. परंतु थेस्सलनीकाकरांना, जो काम करू इच्छीत नाही त्याने खाऊही नये, अशी ताकीद नव्या करारात समाविष्ट असलेल्या, त्यांना लिहिलेल्या पत्रातूनच मिळाली. आणि तो दिवस कोणास ठाऊक नाही, असे शुभवर्तमान स्वच्छ सांगते. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील न्यायदिनी विचारणा होते ती भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र आणि बंदिवानाला भेट दिली की नाही, याचीच. पंडिता रमाबाईंनी १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील निराधार मुलींना आणून केडगावच्या मुक्तिसदनात आश्रय दिला, आणि त्याच आश्रमात आयुष्याच्या अखेरपर्यंत बायबलच्या मराठी भाषांतराचे काम चालविले, जे त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. अन्नछत्र आणि अध्यात्म ही त्यांच्या लेखी दोन खाती नव्हती.

मग प्रत्यक्षात तयारी कोणती, या प्रश्नाचे उत्तर साधेच आहे : नित्य प्रार्थना, आत्मपरीक्षण, पापाची कबुली, प्रभुभोजन आणि शेजाऱ्याची सेवा. यांतील कोणत्याही गोष्टीला वृद्धापकाळाची अट नाही. त्यातही प्रारंभ कोठून करावा, हे मत्तयाच्या पाचव्या अध्यायाने सांगून ठेवले आहे. वेदीपाशी अर्पण आणल्यावर भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावयाचा असतो.