चांगलं काम, पण कुणासाठी? ख्रिस्ती जीवनात हेतू कसा तपासतात

राखेच्या बुधवारी कॅथलिक चर्चमध्ये एक विसंगती दिसते. ईस्टरपूर्वीच्या प्रायश्चित्तकाळाची सुरुवात या दिवशी होते. मत्तयच्या शुभवर्तमानातल्या सहाव्या अध्यायाचं वाचन होतं. दानधर्म, प्रार्थना आणि उपास लोकांना दिसावेत म्हणून करू नका, असं येशू ख्रिस्त त्यात सांगतात. उपास करणाऱ्यानं उलट तोंड धुवावं, डोक्याला तेल लावावं, म्हणजे कुणाला पत्ता लागणार नाही. हे ऐकल्यावर लोक रांगेत उभे राहतात, कपाळावर राख लावून घेतात आणि तशीच ती मिरवत कामाला जातात.

ही विसंगती चर्चच्या लक्षात आलेली नाही, असं मुळीच नाही. राख लावण्यात गैर काहीच नाही. या उताऱ्यात दान किंवा उपास बंद करा, असंही कुठे म्हटलेलं नाही. प्रश्न आहे तो ते कुणासाठी केलं, याचा. मराठी बायबलमध्ये इथे ‘ढोंगी’ असा शब्द येतो. मूळ ग्रीक शब्द आहे ‘हिपोक्रितेस’, आणि त्याचा एक अर्थ रंगभूमीवरचा नट. नटाला प्रेक्षक लागतो. प्रेक्षक नसता तर हे काम आपण केलं असतं का, ही हेतू तपासण्याची अगदी जुनी आणि बरीच कठोर कसोटी आहे.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहायला गेलेल्या संन्याशांना वाटलं असेल, इथे तरी प्रेक्षक नाही. पण प्रेक्षक मनातच आला होता. त्यांच्यातले एक विचारवंत एव्हाग्रियस यांनी माणसाला छळणाऱ्या आठ विचारांची यादी केली. त्यात खादाडपणा, राग, लोभ यांच्याबरोबर ‘पोकळ कीर्तीची हाव’ वेगळी नोंदवली आणि गर्वाच्या शेजारी ठेवली. त्यांच्यानंतर जॉन कॅसियन यांनी या हावेला कांद्याची उपमा दिली. एक पापुद्रा काढला की खाली दुसरा असतोच. भारी कपड्यांचा मोह सुटला तर फाटक्या कपड्यांचा अभिमान येतो. छान बोलण्याची हौस गेली तर मौनाची फुशारकी सुरू होते. इतर दुर्गुण हरले की दुबळे होतात, हा मात्र हरवल्याच्या आनंदावरच पोसला जातो. ऑगस्टीन यांनीही ‘कन्फेशन्स’च्या दहाव्या भागात हीच अडचण मांडली आहे. स्तुतीची आपल्याला पर्वा नाही, याचीच माणूस स्तुती करून घेऊ शकतो.

मग यातून वाट कशी काढायची? सगळ्यात व्यवहारी उत्तर दिलं ते एका माजी सैनिकानं. इग्नाशियस लोयोला 1521 मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्यानं जखमी झाले, पुढे धर्मजीवनाकडे वळले आणि त्यांनी जेझुइट संघाची स्थापना केली. 1548 मध्ये पोपची मान्यता मिळालेल्या त्यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकात रोजच्या आत्मपरीक्षणाचे पाच टप्पे आहेत. आधी मिळालेल्या गोष्टींबद्दल देवाचे आभार मानायचे, मग स्वतःला नीट पाहता यावं म्हणून मदत मागायची. त्यानंतर दिवस तासातासानं आठवायचा, क्षमा मागायची आणि सुधारण्याचा निश्चय करायचा. क्रम महत्त्वाचा आहे. चुकांची मोजणी तिसऱ्या टप्प्यावर येते, कृतज्ञता पहिल्या. जे चांगलं झालं ते मुळात आपल्याला मिळालेलं होतं, हे आधीच मान्य केलं की फुशारकीला जागा कमी उरते.

त्यांनी दिलेली दुसरी खूणही उपयोगी आहे. विचाराची फक्त सुरुवात नव्हे, तर मधला भाग आणि शेवटही पाहायचा. सेवेच्या इच्छेनं सुरू झालेलं काम शेवटी मनस्ताप, तुलना आणि ‘माझं नाव का घेतलं नाही’ इथे पोहोचलं, तर वाटेत काहीतरी शिरलं आहे.

पण या तपासणीचं व्यसनही लागू शकतं. इग्नाशियस यांनी ते मान्रेसा गावी भोगलं. कबूल केलेली पापं पुन्हा पुन्हा उकरताना ते इतके खचले, की जीव द्यावा असे विचार त्यांच्या मनात आले. शेवटी जुनी पापं पुन्हा न उगाळण्याचा निर्णय त्यांनी घेतला. म्हणूनच पुढे त्यांनी ताकीद दिली, की चांगलं काम करताना दिखाव्याची शंका आली तर काम थांबवायचं नाही. बर्नार्ड या संताचा दाखला देऊन ते सांगतात, की जे दिखाव्यासाठी सुरू केलं नव्हतं, ते दिखाव्याच्या भीतीनं सोडायचंही नाही. शंभर टक्के शुद्ध हेतूची वाट पाहत बसलं तर भुकेल्याला जेवण मिळणार नाही. करिंथकरांना लिहिताना पौलही स्वतःचा अंतिम न्याय स्वतः करायला नकार देतो. अंतःकरणातले हेतू प्रभू उघड करील, असं म्हणून तो विषय सोडून देतो.

ख्रिस्ती नम्रता ती हीच. स्वतःला सतत कमी लेखणं म्हणजे नम्रता, हा समज फार पसरलेला आहे, पण तोही स्वतःभोवतीच फिरतो. नम्रतेसाठीचा लॅटिन शब्द ‘हुमिलितास’ मातीवाचक ‘हुमुस’शी जोडलेला आहे. पाय जमिनीवर असणं, आहे तेवढंच दिसणं, असा त्याचा रोख.

आणि आपल्याला आपण नीट दिसत नाही, म्हणून ही परंपरा दुसऱ्या माणसाला मध्ये आणते. बेनेडिक्ट यांच्या मठ-नियमावलीत नम्रतेच्या बारा पायऱ्या आहेत. त्यातली पाचवी म्हणजे मनातले वाईट विचार मठाधिपतीपासून न लपवणं. प्रोटेस्टंट बाजूला जॉन वेस्ली यांनी 1738 मध्ये छोट्या गटांसाठी नियम केले. त्यात येऊ इच्छिणाऱ्याला आधीच विचारलं जाई, की तुझे दोष आम्ही तुला तोंडावर सांगावेत, तुझ्याबद्दल काय वाटतं, काय भीती आहे, काय ऐकलं आहे, हे सगळं बोलावं, असं तुला खरंच हवं आहे का?