नाडी न पाहताच औषध! अडीचशे वर्षांपूर्वी पत्रावरून रुग्ण कसे तपासायचे?

केळापूर तालुक्यातल्या एखाद्या पोडावरून पांढरकवड्याला दवाखान्यात जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो. त्या दिवसाची मजुरीही बुडते. म्हणून ‘ई-संजीवनी’सारखी सरकारी सेवा कामाची. २०१९ पासूनच्या या सेवेत रुग्ण गावाजवळच्या उपकेंद्रात बसतो आणि तिथले समुदाय आरोग्य अधिकारी स्क्रीनवरून दूरच्या डॉक्टरांशी त्याची गाठ घालून देतात. तरी मनात शंका येतेच: डॉक्टरनं हातसुद्धा लावला नाही, मग त्याला कळलं काय?

ही शंका मोबाइलपेक्षा बरीच जुनी आहे. १८व्या शतकात युरोपात हजारो रुग्णांनी डॉक्टरचं तोंडही न पाहता, निव्वळ टपालानं उपचार घेतले.

कोण होते हे टपालाचे डॉक्टर?

सगळ्यात गाजलेलं नाव विल्यम कलन (१७१०-१७९०) यांचं. ते स्कॉटलंडच्या एडिंबरा विद्यापीठात वैद्यकशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या पत्रव्यवहारातली पाच हजारांहून जास्त पत्रं आज ऑनलाइन वाचता येतात. कधी रुग्ण स्वतः लिहायचा, कधी नवरा किंवा बाप, तर अनेकदा गावातला डॉक्टरच ‘माझा रुग्ण असा आहे, पुढे काय करू?’ असं विचारायचा. उत्तरात औषधांइतकाच भर पथ्यावर असायचा. काय खायचं, किती झोपायचं, घोड्यावर रपेट कधी मारायची, हे सगळं कलन लिहून कळवायचे. अर्थात, ही चैन पैसेवाल्यांची. त्या काळी ब्रिटनमध्ये टपालखर्च अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरे, आणि बहुधा तो पत्र घेणाऱ्यानं भरायचा असे.

ही पत्रं उरली कशी, याचं उत्तर इंजिनीअरिंगवाल्यांना आवडेल. सुरुवातीला कलन यांचे लेखनिक प्रत्येक उत्तराची हातानं नक्कल करत. १७८० मध्ये वाफेच्या इंजिनवाल्या जेम्स वॉट यांनी नक्कल काढणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि कलन यांनी लगेच ते वापरायला सुरुवात केली. ताज्या शाईच्या पत्रावर ओलसर, अगदी पातळ कागद ठेवून दाबायचा. शाई उलटी उमटते, पण कागद इतका पातळ की मागच्या बाजूनं अक्षरं सुलटी वाचता येतात. म्हणूनच रुग्णाची तक्रार आणि डॉक्टरचं उत्तर, दोन्ही आज हाती आहेत.

न बघता निदान व्हायचं कसं?

खरं तर समोर बसलेल्या डॉक्टरकडेही तेव्हा फारसं काही नव्हतं. स्टेथोस्कोप आला १८१६ मध्ये. ताप मोजायचा आटोपशीर थर्मामीटर त्यानंतर अर्ध्या शतकानं, आणि दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजणं १८९६ मध्ये. नाडी, जीभ, लघवी पाहायची आणि बाकी सगळं विचारायचं. यातलं बरंचसं कागदावर मावत होतं.

इंग्रजी शब्दकोशकार सॅम्युअल जॉन्सन यांचंच बघा. दमा आणि अंगावरच्या सुजेनं ते १७८४ मध्ये बेजार झाले. लंडनमध्ये डॉक्टर होतेच, तरी त्यांनी मित्र जेम्स बॉस्वेल यांना कळवलं की, तुमच्याकडच्या डॉक्टरांनाही विचारा. बॉस्वेल यांनी कलन यांच्यासह एडिंबराच्या नामांकित डॉक्टरांना पत्रं धाडली. सल्लेही आले. पण आजार हाताबाहेर गेला होता. त्याच वर्षी १३ डिसेंबरला जॉन्सन गेले.

आपल्याकडे काय होतं?

आयुर्वेदात रुग्णाच्या परीक्षेचे तीन मार्ग सांगितले आहेत: दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. पत्रातून यातला फक्त तिसराच जातो. नाडी काही लिफाफ्यात घालता येत नाही.

मात्र त्याच काळात पुण्याच्या एका शस्त्रक्रियेनं पत्रातूनच लंडन गाठलं. टिपूच्या कैदेत नाक कापलं गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याजवळच्या एका कारागिरानं कपाळाच्या कातडीचं नवं नाक करून दिलं होतं. आधी मेणाचा साचा करायचा, मग तो कपाळावर ठेवून आखायचं, असा तपशील देणारं पत्र १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आलं. वीस वर्षांनी, १८१४ मध्ये, जोसेफ कार्प्यू या सर्जननं लंडनमध्ये याच पद्धतीनं नाक बसवलं. वर्णन नेमकं असेल तर पत्र किती दूर पोहोचतं, ते इथे दिसतं.

मग आज काय बदललं?

मार्च २०२० च्या केंद्राच्या टेलिमेडिसिन नियमांनी व्हिडिओ आणि फोनसोबत लेखी संदेशावरून सल्ला द्यायलाही परवानगी दिली. प्रत्यक्ष तपासणी गरजेची वाटली तर डॉक्टरनं तसं सांगायचं, आणि नशा आणणारी नियंत्रित औषधं अशा सल्ल्यावर लिहून द्यायची नाहीत, अशी बंधनंही घातली. उपकेंद्रात रक्तदाब, साखर मोजता येते. कलन यांना हे आकडे कधीच मिळाले नाहीत.

आकडे पोहोचतात, बोलण्याचं मात्र सांगता येत नाही. केळापूर हा कोलामांचा मुलूख, आणि कोलामी ही मराठीपेक्षा वेगळी, द्रविड कुळातली भाषा. पोडावरची आजी छातीत काय होतंय ते कोलामीत सांगणार, नातू ते मराठीत करणार आणि मग ते दवाखान्याच्या शब्दांत स्क्रीनपलीकडे जाणार. जॉन्सन यांचं दुखणं एडिंबराला पोहोचलं तेही बॉस्वेल यांच्या लेखणीतून. पण बॉस्वेल यांना जॉन्सन यांची भाषा येत होती.